उठण्याचा सराव

कात्रीला कात्री हे नाव तिच्या धंद्यामुळे पडलं की जिभेमुळे, यावर गल्लीत दोन मतं होती, पण दोन्ही मतांच्या बायका केस कापायला तिच्याकडेच यायच्या. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान: एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला न मागता मिळणारा सल्ला. बाई मनात आणेल ते करणारी. एकदा गल्लीत पाणी येईना, तेव्हा बाकीचे लोक अर्ज लिहीत बसले आणि ही पाणीखात्याच्या मोठ्या साहेबाच्या दारात रिकामी बादली उपडी घालून तिच्यावर जाऊन बसली. साहेबाला आत जाता येईना की बाहेर पडता येईना. संध्याकाळी नळाला धो धो पाणी. तिचा नवरा पावाच्या भट्टीवर कामाला होता, दुपारी पिठाने पांढरा होऊन घरी यायचा आणि म्हणायचा, आमच्या घरात देवानंतर हिचंच चालतं, आणि देवसुद्धा आधी हिला विचारून घेतो.

अशा या बाईला आयुष्यात एकच गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे ताईला भेटायला जाणं.

ताई तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे वेणी घालण्यापासून पाठीत धपाटा घालण्यापर्यंत कात्रीचं सगळं ताईनेच केलं. ताईला दिली ती सीमेपलीकडच्या शहरात, आणि त्या काळी त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. सकाळी बस जायची, संध्याकाळी परत यायची, लोक पलीकडे नुसते चपला घ्यायला जायचे. मग एके दिवशी बस सुटली नाही. उद्या सुटेल, असं सांगितलं. तेव्हा कात्रीची मुलगी कडेवर होती. आता ती मुलगी आपल्या संसाराला लागली होती आणि बस अजून सुटायचीच होती. सरकारने कारण कधी सांगितलं नाही, आणि विचारणाऱ्यांचं पुढे काय होतं ते बघून लोकांनी विचारणंही सोडून दिलं. महिन्यातून एकदा टपाल कचेरीतल्या फोनवर थोडंसं बोलता यायचं. मधे तिसऱ्याच कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा, आणि त्या श्वासाला चालेल असंच दोघी बहिणी बोलायच्या, म्हणजे ऊन किती पडलंय आणि गुडघे कसे आहेत.

एकदा मात्र ताईने गुडघ्यांचं काढलंच नाही.

"ठमे," ती म्हणाली. या नावाने जगात फक्त ताई हाक मारायची. "माझे डोळे चाललेत गं. आता कडेचं दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं, तेही जाणार म्हणतात. दिसतंय तोवर एकदा तुझं तोंड बघायचंय मला."

"येते," कात्री म्हणाली, आणि फोन कट झाला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "येते म्हणालीस, पण जाणार कशी?"

"पायांनी," ती म्हणाली. "तुम्ही भाकड प्रश्न विचारू नका."

त्याच सुमारास सरकारने भेट-परवाना सुरू केला होता. सख्खं माणूस पलीकडे असेल तर आठवडाभर जाऊन यायचं, एकदाच. पहिल्या खेपेला गेलेल्यांपैकी बरेच जण परत आले नाहीत, असं लोक म्हणत. ते तिकडेच राहिले की आणखी कुठे राहिले, याची चौकशी करायला कुणी गेलं नाही. पण त्यानंतर नियम आला की परवाना हवा असेल तर आधी सराव करायचा, आणि सरावात जो पास होईल त्यालाच सोडायचं.

सरावाची कचेरी एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात होती, त्यामुळे सरकारी असूनही तिथल्या खुर्च्या बसण्याजोग्या होत्या. तिथली अधिकारी एक बुटकी, नेटकी बाई होती, आवाज इतका मऊ की भांडायला गेलेल्या माणसाला धरायला काही सापडू नये. तिला सगळे सरावबाई म्हणत.

"जायला काय, कुणीही जाईल," सरावबाई म्हणाली. "अवघड असतं ते उठणं. आम्ही फक्त तेवढंच शिकवतो."

मग तिने सांगितलं. गाडीतून नेतील. एका खोलीत सोडतील. खोलीत आमची एक बाई तुमची बहीण म्हणून बसलेली असेल. तुम्ही बोला, रडा, हसा, आमची काही हरकत नाही. पण घंटा झाली की उठायचं आणि दाराबाहेर यायचं. मागे बघायचं नाही. आणि निघताना 'जाते' म्हणायचं.

"जाते?" कात्री म्हणाली.

"येते म्हणायचं नाही. येते म्हटलं की पुन्हा येण्याचा इरादा झाला. परवाना एकदाच मिळतो."

आता उंबऱ्यात उभं राहून 'जाते' असं कोण म्हणतं? चुकून कुणी म्हटलं तर घरातलं मोठं माणूस त्याच्या तोंडावर हात ठेवतं. पण कात्री म्हणाली, बरं. सरावबाईने ताईबद्दल सतरा प्रश्न विचारले, ती बसते कशी, बोलते कशी, तुम्हाला काय म्हणून हाक मारते. कात्रीने सगळं खरं सांगितलं, फक्त हाकेचं नाव खोटं सांगितलं. सरकारच्या भाडोत्री बाईच्या तोंडी आपलं 'ठमी' नको, म्हणून तिने सांगितलं, 'चिमणी'. आणि निघता निघता कळलं की परवान्यासाठी नाव दिलेल्यांचा महिन्याचा फोन बंद होतो. प्रत्यक्षच भेटणार आहात, मग फोन कशाला.

गाडी बंद होती, खिडक्यांचे पडदे चौकटीला ठोकून टाकलेले. ती वळली, चढली, उतरली, कुठेतरी बराच वेळ उभी राहिली आणि पुन्हा चालू लागली, आणि कात्री उतरली तेव्हा सकाळची दुपार झाली होती. सरावबाई म्हणाली होती की गाडी गावातल्या गावातच फिरवतात, प्रवासाची सवय व्हावी म्हणून. खोलीत एक पलंग, एक टेबल, दुधी काचेची एक खिडकी. पलंगावरची बाई चांगली गोलमटोल होती आणि कात्रीला बघताच हात पसरून ओरडली, "चिमणे! आलीस गं बाई!" कात्रीला हसूच फुटलं. दोघी कसंबसं काहीबाही बोलल्या, घंटा झाली, कात्री टुणकन उठली, दारापर्यंत गेली आणि सवयीने म्हणाली, "येते हं."

नापास.

नवऱ्याला बरेच दिवस विषय पुरला. "लोकांची पोरं गणितात नापास होतात," तो भट्टीवर सांगायचा, "आमचं माणूस निरोपात नापास झालं."

दुसऱ्या सरावाला बाई वेगळी होती, वाळकी, आणि फारशी बोलली नाही, पण तिने कात्रीचा हात धरून ठेवला. घंटा झाली तशी कात्री उठली, तरी हात काही सुटेना, आणि दुसऱ्याचं बोट दुखावू नये म्हणून तिने एकेक बोट हळूच सोडवलं, मग 'जाते' म्हणून बाहेर आली. बाहेर सरावबाई उभी होती.

"तुम्ही हात सोडवत बसलात," ती म्हणाली. "हात सोडवायचा नसतो. उठलं की आपोआप सुटतो."

पुन्हा नापास. आता मात्र कात्री पेटली. तिकडे ताईचे डोळे दिवसागणिक विझत होते आणि इकडे ही उठण्यासारख्या उठण्यात गटांगळ्या खात होती! कुणी केस कापता कापता म्हणालं, की अहो, त्या ताईंच्या नशिबात असेल तर होईल भेट, तर तिने त्या बाईला अर्ध्या तासात नशिबाबद्दल इतकं ऐकवलं की ती पुन्हा हा शब्द काढणार नाही. त्या दिवसापासून तिने घरीच शिकवणी लावली. नवऱ्याने ताटलीवर चमचा वाजवायचा आणि तिने उठायचं. जेवताना वाजवायचा, गप्पांत वाजवायचा, दुपारी तिचा जरा डोळा लागला की वाजवायचा. आधी ती दचकायची. मग दचकणं गेलं. मग चमचा वाजायच्या आधीचा त्याच्या मनगटाचा झोकही तिच्या गुडघ्यांना कळू लागला. तो तिचा हात धरून बसायचा, अगदी घट्ट, आणि चमचा वाजला की तो हात त्याच्या मुठीतून असा निघून जायचा, जशी भिजलेली साबणाची वडी निसटावी.

"छान," तो पहिल्यांदा म्हणाला. पुढेपुढे काही म्हणेनासा झाला.

एकदा ती शेजारच्या बाळंतिणीला बघायला गेली होती. मांडीवर बाळ, भोवती चार बायका, थट्टामस्करी चाललेली. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं, आणि कात्रीने बोलता बोलता वाक्य अर्धं टाकलं, बाळ गादीवर ठेवलं, उठली, दारात जाऊन म्हणाली, "जाते." बाळाच्या घरी जाते! आजीबाईंनी कपाळाला हात लावला. कात्री पार कोपऱ्यावर पोचली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण रस्त्यात आहोत. तिला क्षणभर कसंसंच झालं. पण मग तिने मनाशी म्हटलं, म्हणजे जमायला लागलंय. घरी येईपर्यंत ती त्यावर खूश होती.

तिसऱ्या सरावाला ती गाडीत बसली ती कुस्तीला निघालेल्या माणसासारखी. खोली तीच, खिडकी तीच. पलंगावर बसलेल्या बाईने मान एका बाजूला वळवून दाराकडे बघितलं आणि विचारलं, "ठमे?"

कात्री जागची हलली नाही.

"इकडे ये, उजेडात ये," बाई म्हणाली. "तिथे मला दिसत नाहीस." कात्री जवळ गेली. बाईने तिची हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीकडे वळवलं आणि अगदी नाकाजवळ येऊन बघू लागली. आधी कपाळ, मग भुवया, मग एक डोळा, मग दुसरा, अगदी सावकाश. "आईवर गेलीस गं," ती म्हणाली, "उतारवयात आई अशीच दिसली असती." तिच्या पायाशी पाण्याच्या तांब्यावरचं झाकण पडलं होतं, ते उचलायला ती वाकली, आणि कात्रीला तिच्या डोक्यावरचे दोन भोवरे दिसले. ताईला दोन भोवरे होते. लहानपणी कात्री तिला चिडवायची, दोन भोवरे म्हणजे दोन नवरे. हे तिने सरावबाईला सांगितलं नव्हतं, कारण ते तिला स्वतःलाच आत्ता आठवत होतं.

बाईने पुन्हा तिचं तोंड धरलं. नाक बघितलं, ओठ बघितले, उजवा गाल बघितला. तेवढ्यात घंटा झाली.

कात्री उठली. गुडघे आपले आपण उठले आणि तीही त्यांच्याबरोबर उठली.

"थांब गं, ठमे," मागून आवाज आला, "हा एक गाल राहिला की."

"जाते," कात्री म्हणाली आणि दाराबाहेर आली.

"छान उठलात," सरावबाई म्हणाली. "आता शेवटचा एकच सराव राहिला."

घरी आल्यावर ती जेवली नाही. नवऱ्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो बराच वेळ हाताला चिकटलेलं वाळकं पीठ खरवडत बसला. मग म्हणाला, "फोनवर ऐकलं असेल त्यांनी ठमी. मधे कुणीतरी असतंच की कान लावून."

"आणि भोवरे?"

"दोन भोवरे काय एकट्या तुझ्याच ताईला दिलेत देवाने? तू इतकी डोकी बघतेस, तुला मी काय सांगू."

हे खरं होतं. दोन भोवऱ्यांची डोकी तिच्या खुर्चीत अधूनमधून येऊन जायची. ती पाणी प्यायली, तिला जरा बरं वाटलं. मग म्हणाली, "आणि समजा, ती ताईच असली तर?"

"तर तू उठलीस कशाला?"

"परवाना मिळायला," कात्री म्हणाली. "ताईला भेटायला परवाना लागतो ना."

त्या रात्रीनंतर ताईचा चेहरा आठवायचा म्हटला की अडचण होऊ लागली. पेटीत एक जुना फोटो होता, त्यातली ताई तरुण होती, वेणीवाली, ओठ घट्ट मिटलेली. त्या ताईला म्हातारी करून बघायला कात्री डोळे मिटायची, आणि दर वेळी तिच्यासमोर दुधी खिडकीच्या उजेडात कलती मान करून बसलेली ती बाईच यायची. फोटोतली ताई मागे मागे सरकत चालली होती. कात्रीला त्याचा राग आला, सरकारचा आला, त्या बाईचा आला, स्वतःचा सगळ्यात जास्त आला. तिने ठरवलं की शेवटच्या सरावात विचारायचं. असं काही विचारायचं की जे फोनवर कधी बोललं गेलं नाही आणि कुणाला ठाऊक नाही. असं एक होतं. लहानपणी कात्रीने आईचा चष्मा फोडला होता, आणि मार चुकवायला ताईने तिला एका जागी लपवून ठेवलं होतं, आणि त्या जागेचं नाव दोघींनी कधीच कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. बस्स. बाईने जागा सांगितली तर ती ताई. नाही सांगितली, तर सरकारची. एक घाव दोन तुकडे.

शेवटच्या सरावाला बाई तीच होती, पण डोळे दाराकडे वळले नाहीत. ते कुठेच वळत नव्हते. पावलांच्या आवाजावर तिने हात पुढे केला, आणि कात्री जवळ बसल्यावर दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपू लागली, आणि या वेळी तिने डाव्या गालापासून सुरुवात केली. किती तयारी करतात ही माणसं, तिला वाटलं, किती बारकाईने शिकवतात एकेकीला! आणि त्याच वेळी तिला वाटलं, ही जर ताई असेल तर मी इथून मेले तरी उठणार नाही. ओढून नेऊ देत मला, हाडं मोडू देत. बराच वेळ ती नुसती बसून राहिली. विचारायचं तर होतं, पण उत्तर येईल याची तिला भीती वाटत होती, आणि येणार नाही याची त्याहून जास्त. शेवटी तिने मन घट्ट केलं.

"ताई," ती म्हणाली, "आईचा चष्मा फुटला त्या दिवशी तू मला कुठे..."

घंटा झाली.

कात्री उठली. वाक्य तसंच राहिलं. तिच्या मनात आलं नाही असं नाही. मनात तर आलं की एक शब्द ऐकायला कितीसा वेळ लागतो, पण त्या एका शब्दासाठी नापास झालं तर खरी ताई तिकडे अंधारात वाट बघत बसेल, आणि मन हा हिशेब करत होतं तोवर पाय दारापर्यंत पोचलेही होते. मागे ती बाई काहीतरी म्हणाली. दोन शब्द असतील, फार तर तीन. पण घंटेनंतरचं ऐकायचं नाही, हेसुद्धा कात्रीने घरी घोटून घोटून पक्कं केलं होतं, आणि ती जे पक्कं करायची ते पक्कंच असायचं. "जाते," ती म्हणाली.

सरावबाईच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. "इतकं छान उठलेलं मी कुणाला बघितलं नाही," ती म्हणाली आणि परवाना तिच्या हातात दिला.

निघायच्या दिवशी नवऱ्याने ताज्या पावांची पिशवी बांधून दिली, आणि दारात उभा राहून म्हणाला, "ऐक. तुला वाटलं तर नको येऊस परत. माझं मी बघेन. पोरगी आहे, भट्टी आहे. मी काय कुणाच्या ताटाखालचं मांजर नाही." आणि मग, ती काही बोलायच्या आत, "फक्त मला 'जाते' म्हणू नकोस." कात्रीने तोंड उघडलं, पण तिच्याच्याने काही बोलवेना, म्हणून तिने त्याच्या शर्टावरचं पीठ झटकल्यासारखं केलं आणि निघाली.

गाडी तीच होती, आणि पडदे तसेच ठोकलेले. कात्रीने कपाळाला आठी घातली तेव्हा सरावबाई म्हणाली की नियम सगळ्या प्रवासांना एकच असतो. गाडी वळली, चढली, उतरली. पण उतरल्यावर मात्र खोली नव्हती. चक्क गल्ली होती. जिना होता, जिन्यात वर राहणाऱ्यांच्या चपला होत्या, कुणीतरी कांदा परतत होतं, आणि दार उघडून शेजारीण म्हणाली, "आलात? सकाळपासून विचारतायत." आत जाऊन कात्रीने सगळ्यात आधी खिडकी ढकलून बघितली. ती उघडली. समोरच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होती, तिने कात्रीकडे बघितलं आणि पुन्हा आपल्या चादरीकडे बघितलं. कात्रीने दोन्ही हातांनी चौकट धरली आणि पोटभर श्वास घेतला.

ताई खुर्चीत बसली होती. कात्रीने तिच्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांनी बघताना जे व्हायला हवं ते झालं की नाही, हे तिला नीट कळेना. चेहरा ओळखीचा होता. पण कुठल्या ओळखीचा, एवढंच मन विचारत राहिलं, आणि तिने मनाला एक चांगली चपराक देऊन गप्प केलं. ताईचे डोळे गेले होते. समोरच्या भिंतीकडे बघावं तसे ते कात्रीच्या पोटाकडे बघत होते. ती ताईच्या पायाशी बसली, मांडीत डोकं घातलं आणि ओक्साबोक्शी रडली.

"उशीर केला गं मी," ती म्हणाली. "दिसतंय तोवर बघायचं म्हणाली होतीस. किती धडपडले, पण झालाच उशीर."

"उशीर कसला?" ताई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "बघितलं की मी तुला."

मन बघतं म्हणतात ते हेच, असं कात्रीला वाटलं, आणि तिला आणखी रडू आलं. मग दोघींनी पाव खाल्ले. ताई म्हणाली पाव बरा आहे पण नवऱ्याला सांग मीठ कमी घाल, आणि कात्री म्हणाली त्याच्या भट्टीत जाऊन सांग, बघू किती ऐकतो, आणि दोघी इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली. दुपार उतरू लागली. उघड्या खिडकीतून वारा येत होता, आणि कुणालाही कसली घाई नव्हती.

"केस किती वाढलेत तुझे," कात्री म्हणाली. "कुणी कापले होते हे? शत्रूने?"

"इथल्या एका पोरीने. तिला काय येतंय."

कात्रीने पिशवीतून आपली हत्यारं काढली. ताईची खुर्ची उजेडाकडे ओढली, तिच्या मानेभोवती कापड गुंडाळून मागे गाठ मारली आणि केस पाण्याने भिजवले. "आता मी सांगेपर्यंत हलायचं नाही," ती म्हणाली. ताई शहाण्या मुलीसारखी ताठ बसली. कात्रीने कंगव्याने भांग पाडला. दोन भोवरे जागच्या जागी होते. तिने एका बाजूने कापायला घेतलं, आणि हातातली कात्री चालू लागली तसं तिच्या मनात जे सकाळपासून नव्हे, कित्येक वर्षांपासून होतं, ते आपोआप बाहेर आलं.

"मी परत जाणार नाही, ताई. परवाना गेला खड्ड्यात. यांनाही सांगून आलेय म्हण. मी आता तुझ्यापासून उठत नाही, कुणाचा बाप आला तरी."

ताई तशीच ताठ बसून राहिली. तिला हलायचं नव्हतं. एका बाजूचे केस कानाच्या रेषेत आले, सरळ, सुबक. कापडावर पांढऱ्या बटा पडत राहिल्या. कात्री त्या बाजूला वाकून फुंकर घालून मान साफ करत होती, आणि तिला इतकं निवांत वाटत होतं की लहानपणीचं एक गाणं तिच्या ओठांवर आलं. गल्लीत सगळं शांत होतं. शेजारणीकडे सामसूम होती. समोरच्या गच्चीवरची बाई आत निघून गेली होती. कुठेही काहीही वाजलं नाही.

कात्रीच्या हाताला काहीतरी गार लागलं. ती दाराची कडी होती. पिशवी खांद्याला अडकवलेली होती, पायांत चपला होत्या, एक पाऊल उंबऱ्याच्या पलीकडे पडलेलं होतं, आणि 'जाते' हा शब्द नुकताच म्हटल्यासारखा तिच्या जिभेवर होता.

मागे, खिडकीच्या उजेडात, ताई तशीच ताठ बसली होती; मानेभोवती कापड, एका बाजूचे केस कापलेले, एका बाजूचे लांब. तिने मान वळवली नाही. फक्त जरा कान टवकारल्यासारखं केलं.

"घंटा झाली होय गं?" ती म्हणाली. "आज मला नाही ऐकू आली."